तिरंग्यातली पेटी आणि ग्रूपवरचा फोटो

२०१९ च्या फेब्रुवारीत, पुलवामा झालं त्याच आठवड्यात, आमच्या मानपाड्याच्या सोसायटीच्या ग्रूपवर एक फोटो आला, सकाळी सव्वासातला, दोन गुड मॉर्निंगच्या फुलांच्या मध्ये. काय होतं त्यात ते लिहीत नाही, ज्यांना आला असेल त्यांना आठवेलच. बी विंगच्या काकांनी टाकलेला, खाली लिहिलेलं 'बघू दे सगळ्यांना, रक्त उसळलं पाहिजे'. माझी मुलगी तेव्हा तिसरीत, माझ्याच मोबाईलवर कार्टून बघत बसलेली, आणि व्हॉट्सॲप आलेला फोटो आपोआप गॅलरीत टाकतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. मग सीआरपीएफनेच जाहीर सांगितलं की जवानांच्या अवयवांचे म्हणून खोटे फोटो फिरवले जातायत, शेअर करू नका, लाईकसुद्धा करू नका. मी ते काकांना दाखवलं तर म्हणाले, "अरे फोटो खोटा असला तरी भावना खरी आहे ना."

या वाक्याने मला बरेच दिवस छळलं. कारण आपल्या शहीद जवानांचे फोटो मीडियाने दाखवावेत की नाही हा वाद निघाला की दोन्हीकडचे लोक काकांसारखंच धरून चालतात, की फोटो म्हणजे लिफ्टचं बटण आहे, दाबलं की ठरलेल्या मजल्यावर भावना येणार. एक म्हणतो दाखवा, लोक पेटून उठतील. दुसरा म्हणतो दाखवा, लोकांना युद्धाची किळस येईल. तिसरा म्हणतो नका दाखवू, लोक खचतील. आता एकाच फोटोने हे तिन्ही कसं होणार?

अमेरिकेत हा घोळ फार जुना आहे. १८६२ मध्ये, तिथल्या यादवी युद्धात, अँटिएटमच्या लढाईत मेलेल्या सैनिकांचे फोटो न्यूयॉर्कमध्ये मॅथ्यू ब्रेडी या फोटोग्राफरच्या गॅलरीत लावले आणि लोकांनी पहिल्यांदाच रणांगण असं समोर बघितलं. दुसऱ्या महायुद्धात मात्र सरकारने स्वतःच्या मेलेल्या सैनिकांचे फोटो दाबून ठेवले, का तर जनतेचा धीर सुटेल. आणि मग १९४३ च्या सप्टेंबरमध्ये त्याच सरकारने 'लाईफ' मासिकाला न्यू गिनीतल्या बुनाच्या किनाऱ्यावर पडलेल्या तीन सैनिकांचा फोटो छापू दिला, कारण आता त्यांना वाटायला लागलं होतं की लोक फारच निवांत झालेत, जरा हलवायला हवं. म्हणजे आधी लपवला तो लोक ढिले पडतील म्हणून आणि नंतर दाखवला तो लोक ताठ व्हावेत म्हणून. गंमत अशी की त्या फोटोत कुणाचाच चेहरा दिसत नाही.

व्हिएतनामचं तर सगळे ठोकून सांगतात की रोज रात्री टीव्हीवर प्रेतं दिसली म्हणून अमेरिका हरली. जॉन म्युलर नावाच्या राज्यशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये कोरिया आणि व्हिएतनाम या दोन्ही युद्धांच्या काळातल्या जनमत चाचण्या शेजारी मांडल्या. त्याला दिसलं की दोन्हीकडे पाठिंबा जवळपास एकाच चालीने घसरला, आणि कोरियाच्या वेळी टीव्हीवरच्या बातम्यांचं हे प्रस्थ नव्हतंच. घसरण मृतांच्या आकड्याबरोबर होते पण सरळ रेषेत नाही, लॉगरिदमने. म्हणजे १०० वरून १,००० वर जाताना पाठिंबा जेवढा पडतो तेवढाच पुन्हा पडायला १,००० चे १०,००० व्हावे लागतात. पहिली पेटी गावात येते तेव्हा अख्खं गाव बंद, पुढे पुढे पेपरात चौथ्या पानावर चौकट. नुसत्या आकड्याला आपण फार लवकर सरावतो.

पण एक चेहरा दिसला की वेगळंच होतं. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर पालथा पडलेल्या लाल टीशर्टातल्या सीरियन मुलाचा फोटो आला, आठवत असेल. तोपर्यंत त्या युद्धात लाखो माणसं गेलेली आणि जग जेवत होतं. पॉल स्लोविक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्वीडिश रेड क्रॉसच्या देणग्यांचे आकडे तपासले, तर फोटोनंतरच्या आठवड्यात रोज येणाऱ्या देणग्यांची संख्या सुमारे १०० पट झालेली. लाखोंच्या आकड्याने जे हललं नाही ते एका पोराने हलवलं. आणि सहाएक आठवड्यांत सगळं जवळपास पुन्हा होतं तिथे. फोटो धक्का देतो हे खरं, पण त्या धक्क्यावर गाडी किती लांब जाईल याची गॅरंटी नाही.

हे झालं परक्या मुलाबद्दल. सैनिकाच्या फोटोत अजून एक पाचर आहे, 'आपला' आणि 'त्यांचा'. बीजिंगमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये चिनी आणि गोऱ्या विद्यार्थ्यांना स्कॅनरमध्ये झोपवून गालावर सुई टोचली जातानाचे व्हिडिओ दाखवले. दुसऱ्याचं दुखणं बघून मेंदूचा जो भाग जागा होतो तो आपल्या वंशाच्या चेहऱ्याला जास्त जागा झाला, परक्या चेहऱ्याला कमी. सुई तीच हं. म्हणून तर पलीकडच्या मेलेल्या माणसाचा फोटो लोक स्मायली लावून फॉरवर्ड करतात आणि आपल्या जवानाचा बघून घास उतरत नाही. काकांची भावना खरी असेलही, पण कुठला कप्पा उघडायचा ते फोटो ठरवत नव्हता, काकांचं आधीपासून ठरलेलं होतं.

आता त्रासाचं. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटानंतर साडेचार हजारांहून जास्त लोकांना विचारून एक अभ्यास झाला, आणि ज्यांनी पुढचा आठवडाभर दिवसाला सहा किंवा जास्त तास त्याच बातम्या बघितल्या त्यांच्यात ताणाची लक्षणं प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी किंवा जवळ असलेल्यांपेक्षाही जास्त निघाली. आता आधीच घाबरलेला माणूस टीव्ही जास्त बघतो असंही असू शकतं, त्यामुळे सगळं खापर टीव्हीवर फोडू नका. पण २६/११ ला ज्यांनी तीन दिवस टीव्ही बंद केला नाही त्यांना हे वेगळं सांगायला नको.

माझा एक मित्र ऐरोलीला राहतो, न्यूज चॅनेलच्या डेस्कवर रात्रपाळी करतो. कुठूनही आलेले व्हिडिओ खरे की खोटे ते आधी हे लोक बघतात. तो पहिल्यांदा आवाज बंद करतो, मग खिडकी काडेपेटीएवढी करतो. त्याला कुणी शिकवलं नाही, दोन वर्षांत आपोआप आलं म्हणतो. असल्या डेस्कवरच्या पत्रकारांचा एक अभ्यास २०१४ मध्ये आला, त्यात दिसलं की एका बैठकीत किती वेळ बघितलं यापेक्षा किती वारंवार बघितलं त्याचा त्रास जास्त. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण चॅनेलवाले नेमकं हेच करतात, पाच सेकंदांची क्लिप, दिवसभर, दर सात मिनिटांनी.

आणि फोटो डोळ्यांसमोरून जात नाही म्हणतो ना आपण, तेही अगदी खरं आहे. ऑक्सफर्डमध्ये मानसशास्त्रज्ञ एमिली होम्स यांच्या टीमने लोकांना अपघात-मृत्यूच्या क्लिप दाखवल्या आणि अर्ध्या तासाने काहींना दहा मिनिटं टेट्रिस खेळायला दिलं, तोच तो विटा रचायचा गेम. पुढच्या आठवड्यात खेळलेल्यांच्या मनात ती दृश्यं मध्येच उसळून यायचं प्रमाण कमी होतं, पण क्लिपमध्ये काय होतं ते विचारलं तर सगळ्यांइतकंच आठवत होतं. म्हणजे माहिती असणं आणि चित्र डोक्यात वाजत राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला वाटतं सगळा वाद इथेच फिरतो. देशाला माहिती हवीच, किती गेले, कोण गेले, कुठल्या गावचे. ती लपवणारं सरकार मला पटत नाही, १९९१ मध्ये अमेरिकेने डोव्हरच्या लष्करी विमानतळावर येणाऱ्या सैनिकांच्या पेट्यांच्या फोटोंवर बंदी घातली ती काही कुटुंबांच्या दुःखापोटीच होती यावर माझा विश्वास नाही. २००९ मध्ये ती उठवली आणि निर्णय घरच्यांकडे दिला, ते बरोबर.

आपल्याकडे कारगिलच्या वेळी, ५२७ जवान गेले तेव्हा, पेट्या गावोगावी घरी आल्या आणि टीव्हीने त्या घराघरात नेल्या. कुणी छिन्न शरीर दाखवलं नाही, तरी काही कमी कळलं असं मला आठवत नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मिरा रोडच्या मेजरचं पार्थिव आलं तेव्हाही तिरंगा, फुलं आणि घरचे लोक एवढंच दिसलं आणि आमच्या ऑफिसात दुपारपर्यंत कुणी धड बोललं नाही. तेव्हा चेहरा दाखवा, हसरा, युनिफॉर्ममधला, नाव-गाव सांगा, पेटी दाखवा. शरीर मात्र घरच्यांनी हो म्हटलं तरच आणि बघणाऱ्याने स्वतः उघडलं तरच, आपोआप चालू होणाऱ्या व्हिडिओत कधीच नाही. पलीकडच्यांनाही हाच नियम, हे काकांना पटणार नाही.

मुलगी आता मोठी झालीय. मध्ये विचारलं तो फोटो आठवतो का, तर म्हणाली काय होतं ते नाही आठवत, पण तेव्हा कुठलं कार्टून चालू होतं ते आठवतं, आणि ते ती नंतर कधी बघत नाही.