वलसाल्वा सायनस फुटल्यावर ओपन हार्ट की छत्री? या वादामागची पार्श्वभूमी

महाधमनीच्या अगदी मुळाशी, झडपेच्या मागे जे तीन कप्पे (वलसाल्वा सायनस) असतात त्यातल्या एकाला फुगा येणं हे तसं दुर्मिळच, पण पाश्चात्य देशांपेक्षा आशियात ते जास्त दिसतं, आणि पेशंट बहुतेक वेळा विशी ते चाळीशीतला धडधाकट माणूस असतो ज्याला फुगा फुटला की अचानक छातीत दुखून दम लागायला लागतो. मग छाती उघडून ऑपरेशन करायचं की मांडीतून नळी नेऊन छत्रीसारखं उघडणारं डिव्हाइस भोकात बसवायचं, हा तो वाद. 1839-40 च्या सुमारास याची पहिली वर्णनं छापून आली, तेव्हा हे निदान पोस्टमॉर्टमच्या टेबलावरच व्हायचं. पुढे 1957 मध्ये कारण नीट मांडलं गेलं, की महाधमनीच्या भिंतीचा मधला थर झडपेच्या कड्याला जन्मापासूनच जोडलेला नसतो, मग तिथली कमजोर भिंत वर्षानुवर्षं दाबाखाली फुगत जाते. त्याच सुमारास हार्ट-लंग मशीन हाताशी आलं आणि अमेरिकेत पहिली ऑपरेशनं झाली. 1962 मध्ये जपानी सर्जननी कुठला कप्पा हृदयाच्या कुठल्या खोलीत फुटतो याचं वर्गीकरण केलं, ते अजून वापरतात.

निदान मात्र बरीच वर्षं स्टेथोस्कोपवरच अडलेलं होतं. हृदय आकुंचन पावताना आणि सैलावताना, दोन्ही वेळेला न थांबता येणारा आवाज, आणि तसाच आवाज पीडीएतही (महाधमनी आणि फुप्फुसाची धमनी यांना जोडणारी नळी जन्मानंतरही उघडी राहणं) येतो, त्यामुळे गल्लत व्हायची आणि शेवटी कॅथेटर घालून, डाय सोडूनच खात्री करावी लागायची. इकोवर रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारा कलर डॉपलर आला आणि चित्रच पालटलं. इकोवर विमानतळावरच्या वाऱ्याच्या पिशवीसारखी लोंबणारी पिशवी आणि तिच्या टोकातून उसळणारा रंगीत झोत एकदा दिसला की शंका उरत नाही.

आता मुख्य वाद. 1994 मध्ये पहिल्यांदा असं भोक छाती न उघडता बंद केलं गेलं, आणि नंतर पीडीएसाठी बनवलेलं डिव्हाइसच इथे वापरायची पद्धत रुळली. मांडीच्या धमनीतून वायर नेऊन भोकातून हृदयाच्या उजव्या बाजूला काढतात, तिथे फासात पकडून शिरेतून बाहेर घेतात आणि मग शिरेच्या बाजूने ट्यूब चढवून छत्री अशी उघडतात की तिची रुंद चकती महाधमनीकडे बसते. छत्री सोडून देण्याआधी बघायचं असतं ते हे की उजव्या कोरोनरीचं (हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या धमनीचं) तोंड मोकळं आहे ना आणि झडप गळायला लागली नाही ना. पेशंट दोन-चार दिवसांत घरी जातो, छातीवर व्रण नाही, मग घरच्यांचा कल तिकडे जाणारच, आणि योग्य पेशंटमध्ये ते बरोबरही आहे.

पण खरी अडचण अशी की आपल्याकडच्या पेशंटमध्ये या फुग्यासोबत व्हीएसडी (हृदयाच्या खालच्या दोन खोल्यांमधल्या पडद्याला भोक) असण्याचं प्रमाण चांगलंच मोठं आहे, आणि फुगलेली पिशवी नेमकी त्याच भोकावर येऊन बसते, म्हणजे घाईत केलेल्या इकोत व्हीएसडी झाकलेलाच राहतो. वर त्या व्हीएसडीमुळे झडपेच्या पाकळीखालचा आधार गेलेला असतो, ती हळूहळू खाली ओघळते आणि गळती वाढत जाते. अशा वेळी नुसती छत्री टाकणं म्हणजे अर्धं काम. ऑपरेशनमध्ये सर्जन महाधमनी उघडतो आणि बऱ्याचदा फुगा जिथे फुटलाय ती खोलीही उघडतो, पिशवी कापून पॅच लावतो, व्हीएसडी बंद करतो आणि झडप डोळ्यांनी पाहून गरज असेल तर दुरुस्त करतो. त्यातही एक बारकी गोष्ट आहे, हृदय थांबवायचं औषध एरवी महाधमनीत सोडतात पण इथे ते फुटलेल्या भोकातून निसटून जातं, म्हणून थेट कोरोनरीच्या तोंडात द्यावं लागतं.

मला तरी वाटतं की हा निर्णय व्रण किंवा किती दिवसांत घरी जाता येतं यावर न घेता अन्ननलिकेतून केलेल्या इकोवर घ्यावा. व्हीएसडी नाही, गळती नगण्य, भोक एकच आणि कडा पक्क्या असतील तर छत्री, नाहीतर सरळ ऑपरेशन. कारण ऑपरेशनमागे साठहून जास्त वर्षांचा अनुभव आहे आणि छत्रीचा मोठ्या प्रमाणावरचा वापर गेल्या वीस-पंचवीस वर्षांतला, आणि पंचविशीतल्या मुलाला ती पुढची चाळीस-पन्नास वर्षं वागवायची असते.

न फुटलेल्या, काहीच त्रास न देणाऱ्या फुग्याचं काय करायचं यावर अजून एकमत नाही. सीटीवर तो दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत सापडतो, मग बहुतेक ठिकाणी आकार वाढतोय का ते ठराविक काळाने बघत राहतात. आणि छत्री बसवलेल्या पेशंटनी पहिल्या काही दिवसांत लघवीचा रंग लाल किंवा काळपट झाला तर थांबायचं नाही, लगेच दाखवायचं, कारण उरलेल्या बारीक गळतीतून वेगाने जाताना रक्तातल्या तांबड्या पेशी फुटत असतात.