सीरम आयर्न कमी म्हणजे लोह कमी नव्हे

हिमोग्लोबिन काय सांगतं ते बहुतेकांना ठाऊक असतं. घोळ होतो रक्ताच्या रिपोर्टमधल्या सीरम आयर्न आणि फेरिटिन या दोन ओळींत. ताप उतरून चार दिवस होत नाहीत तोच तपासणी होते, सीरम आयर्नपुढे खालचा बाण दिसतो आणि ‘प्रतिकारशक्तीसाठी’ लोहाची गोळी सुरू! हे थांबायलाच हवं.

सीरम आयर्न म्हणजे त्या घडीला रक्तात फिरणारं लोह. गोळी घेतल्यावर काही तास तेही चढतं. फेरिटिनवरून साठ्याचा अंदाज येतो. इथवर सोपं आहे.

खरी मेख संसर्गात आहे. जंतूंनाही वाढायला लोह लागतं. म्हणून संसर्ग झाला की यकृत हेप्सिडिन हे संप्रेरक जास्त सोडतं. पेशीतून लोह बाहेर पडायचं एकच दार, फेरोपोर्टिन. हेप्सिडिन तेच बंद करतं. लोह मॅक्रोफेज पेशींत (जंतू आणि जुन्या रक्तपेशी गिळणाऱ्या पेशींत) अडकतं, आतड्यातून रक्तात येणंही मंदावतं आणि सीरम आयर्न घसरतं. लोह संपलेलं नसतं, शरीरानं ते जंतूंपासून दडवलेलं असतं. अशा वेळी घेतलेली गोळी बरीचशी आतड्यातच राहते आणि पोट तेवढं बिघडवते. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या टांझानियातल्या पेंबा बेटावरच्या अभ्यासात तर, मलेरियाच्या त्या प्रदेशात सरसकट लोह आणि फॉलिक अॅसिड दिलेल्या लहान मुलांमध्ये गंभीर आजार आणि मृत्यू वाढलेले दिसले.

फेरिटिन नेमकं उलटं फसवतं, कारण दाहात, म्हणजे संसर्ग किंवा इजेमुळे शरीरात सूज असताना, ते वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार निरोगी प्रौढात 15 मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली कमतरता धरतात; संसर्ग किंवा दाह असेल तर ही सीमा 70. म्हणजे तापात आलेलं 50 ‘नॉर्मल’ समजू नका. सोबत सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारी रक्तचाचणी, हवंच. टीआयबीसी, म्हणजे रक्ताची लोह धरून ठेवण्याची एकूण क्षमता, तीही पाहा: निव्वळ कमतरतेत ती वाढते, दाहात सहसा घटते. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे त्या क्षमतेपैकी किती टक्के लोहानं भरलेली आहे ते, दोन्हीकडे कमी येतं, त्या एकट्यावर निदान नको. तातडी नसेल तर सीआरपी उतरल्यावर तपासणी पुन्हा करणंच उत्तम.

कमतरता पक्की ठरली तर मात्र गोळी टाळू नका. प्रतिकारशक्तीच्या लिम्फोसाइट पेशींना वाढायला लोह लागतंच. 200 मिलिग्रॅम शुष्क फेरस सल्फेटमध्ये प्रत्यक्ष लोह साधारण 65 मिलिग्रॅम असतं. एवढ्या मात्रेनंतर हेप्सिडिन जवळपास 24 तास चढलेलं राहतं, म्हणून दिवसाआड घेतलेल्या गोळीतून लोह जास्त शोषलं जातं. चहा, कॉफी आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून दोन तास लांब ठेवा.