किलोओहमच्या आकड्यावर पिकअप घेऊ नका

इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप, म्हणजे तारांखाली बसवलेला, त्यांची थरथर विजेत बदलणारा भाग, बदलायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, 'किती किलोओहमचा आहे?' छत्रपती संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत जयंतीच्या, लग्नाच्या, कॉलेजच्या गॅदरिंगच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारी बहुतेक मुलं पिकअप ऑनलाइनच मागवतात. वाजवून बघायची सोय जवळपास नसते. मग खोक्यावरचा आकडा तेवढा हाताशी उरतो: ८ म्हणजे साधा, १४ म्हणजे दणदणीत. हा आकडा आवाजाबद्दल फार थोडं सांगतो, आणि पैसे वाया जातात ते नेमके इथेच.

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं. गिटारची पोलादी तार चुंबकाच्या वर असल्यामुळे तिच्यातही थोडं चुंबकत्व येतं. ती थरथरली की वेटोळ्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र कमी-जास्त होतं आणि वेटोळ्यात वीज तयार होते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेलं प्रवर्तनाचं तत्त्व ते हेच. जालन्याच्या सळई कारखान्यांतल्या इंडक्शन भट्ट्या याच तत्त्वावर भंगार वितळवतात. बरोबर १०० वर्षांनी, १९३१ मध्ये, अमेरिकेत जॉर्ज बीचम यांनी ते गिटारवर चालवून दाखवलं. नायलॉनच्या तारांच्या गिटारला हा पिकअप चालत नाही, याचं कारणही यातच आहे.

वेटोळ्याची ही तार साधारण ०.०६३ मिलिमीटर जाडीची असते, केसाहून सहसा जाड नाही. स्ट्रॅटोकास्टर या प्रसिद्ध गिटारच्या धाटणीच्या एका पिकअपमध्ये तिचे सात-आठ हजार वेढे असतात. उलगडली तर किलोमीटरभर भरेल. इतक्या लांब आणि बारीक तारेला रोध असणारच. खोक्यावरचे किलोओहम म्हणजे हा रोध.

आता तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो, दर अंश सेल्सियसला सुमारे ०.४ टक्के. २० अंशांना ८ किलोओहम भरणारा पिकअप परभणीत मे महिन्याच्या दुपारी, ४२ अंशांच्या खोलीत मोजला तर मल्टिमीटर ८.७ च्या आसपास दाखवेल. तोच पिकअप डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांना मोजला तर ७.७५. पिकअप तोच, वेढे तेवढेच, चुंबक तोच, आणि आवाजातला फरक कानाला कळणार नाही इतका किरकोळ. दुसरी गोष्ट, वेढे तेवढेच ठेवून तार आणखी बारीक वापरली तरी किलोओहम वाढतात, आवाज वाढत नाही. १४ चा आकडा दिसला म्हणून त्यात दुप्पट जोर आहे असं मानायला काही आधार नाही.

तारेच्या जाडीचा, म्हणजे गेजचा, विषय निघालाच आहे तर एक सांगायला हवं. मराठवाड्यात मोटार वाइंडिंगच्या दुकानांची कमतरता नाही. व्होल्टेज पडतं, बोअरच्या मोटारी जळतात, आणि ते कारागीर दिवसभर तांबंच गुंडाळत असतात. मेलेला पिकअप त्यांच्याकडून भरून घ्यायचा विचार योग्यच आहे. पण परदेशी माहितीत लिहिलेलं '४२ गेज' हे अमेरिकन माप आहे. आपल्या दुकानात ४२ गेज म्हणाल तर ब्रिटिश मापाची ०.१ मिलिमीटरची तार मिळेल. ती जाड, त्यामुळे वेटोळं गुंडाळायच्या रिळावर (बॉबिनवर) पुरेसे वेढेच बसणार नाहीत आणि पिकअप मरतुकडा वाजेल. आपल्या मापात जवळची तार ४६ गेजची. कारागिराला गेज सांगण्यापेक्षा मिलिमीटर सांगा. आणि त्याआधी वेटोळ्याच्या बाहेरच्या टोकाचा सोल्डर तपासा, पुष्कळदा तार तिथेच तुटलेली असते.

मग बघायचं काय? इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या विजेला अडवण्याचा वेटोळ्याचा गुण. तो हेन्रीत मोजतात आणि चांगले उत्पादक तो छापतात. वेटोळ्याला इंडक्टन्स असतो, तर गिटारपासून अॅम्प्लिफायरपर्यंतच्या केबलला कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याचा गुण. हे दोन एकत्र आले की एका ठरावीक वारंवारितेला अनुनाद होतो. नागपंचमीच्या झोक्याला योग्य वेळी रेटा दिला की तो थोड्या जोरातही उंच जातो, तसं त्या वारंवारितेचे स्वर फुगून येतात. तिच्या वरचे मात्र झपाट्याने गळतात. पिकअपचा 'स्वभाव' आपण ज्याला म्हणतो तो मुख्यतः हा उंचवटा कुठे पडतो त्यावर ठरतो.

साध्या सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या, पिकअपचा इंडक्टन्स २.४ हेन्रीच्या आसपास असतो. साधारण केबल मीटरला १०० पिकोफॅरड धरली, तर ५ मीटरची केबल आणि पिकअपचे स्वतःचे १२० मिळून ६२० पिकोफॅरड होतात. हिशेब केला तर अनुनाद ४१०० हर्ट्झला येतो. स्वच्छ, धारदार, काचेसारखा आवाज. जुन्या धाटणीच्या हंबकरचा, म्हणजे दोन वेटोळ्यांच्या पिकअपचा, इंडक्टन्स साडेचार हेन्री धरा, तर अनुनाद ३००० हर्ट्झवर उतरतो. आवाज भरीव होतो. आणि १४-१५ किलोओहमवाल्या 'हॉट' पिकअपचा ८ हेन्री धरला तर २२५० हर्ट्झ. मधले स्वर पुढे येतात, वरची धार जाते. डिस्टॉर्शनवर, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजात, हा पिकअप मस्त गुरगुरतो. पण ऑर्केस्ट्रात गायकाच्या मागे स्वच्छ कॉर्ड वाजवायच्या असतील, तर कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडच्या गर्दीत तो हमखास बुडतो. आपल्याकडे बहुतेकांचं वाजवणं या दुसऱ्या प्रकारचं असतं आणि मागवला जातो मात्र पहिला, याचं मला खरंच वाईट वाटतं.

याच सूत्रातून निघणारी मोलाची गोष्ट वेगळीच आहे. त्याच सिंगल कॉइलला १० मीटरची केबल लावा. कपॅसिटन्स ११२० पिकोफॅरड होतो आणि अनुनाद ४१०० वरून ३०७० हर्ट्झवर येतो, म्हणजे जवळजवळ हंबकरच्या जागी. गिटारचा आवाज बसका वाटतोय म्हणून पिकअप बदलायला निघालेल्याने आधी लहान, चांगली केबल लावून ऐकावं. गिटारमधला व्हॉल्यूमचा पॉटही (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालचा बदलता रोध) बघावा. सिंगल कॉइलला २५० आणि हंबकरला ५०० किलोओहमचा पॉट लावायची रीत आहे. हंबकरला चुकून २५० लागला असेल तर तो उंचवटा दबून जातो. मूळ पॉट बदलायला खर्च किरकोळ येतो.

इतकं केल्यावरही पिकअप बदलायचं खरं कारण उरतं, ते म्हणजे हम, विजेच्या उपकरणांमुळे ऐकू येणारी सततची घरघर. मंडपात डेकोरेशनचे लाइट, डिमर, शेजारी धडधडणारा जनरेटर, जमिनीवर गुंडाळून टाकलेल्या वायरी. आपल्या विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ, तिच्या १००, १५०, २०० अशा पटी थेट गिटारच्या स्वरांत येऊन बसतात. सर्वांत जाड ई (E) तारेचा मूळ स्वरच ८२ हर्ट्झचा आहे. सिंगल कॉइल ही सगळी चुंबकीय खळबळ इमानाने उचलतो.

गिब्सन कंपनीतले अभियंता सेथ लव्हर यांनी १९५५ साली यावरच्या उपायाच्या पेटंटसाठी अर्ज केला. तोच हंबकर: शेजारी-शेजारी दोन वेटोळी, दोघांचं वाइंडिंग परस्परविरुद्ध आणि चुंबकाचे ध्रुवही परस्परविरुद्ध. बाहेरून येणाऱ्या हमला आपल्या चुंबकाशी काही देणंघेणं नाही, त्याला फक्त वाइंडिंगची दिशा कळते. म्हणून एका वेटोळ्यात तो अधिक, दुसऱ्यात उणे, आणि बेरीज जवळपास शून्य. तारेचा संदेश मात्र दोन्हींवर अवलंबून असतो. वाइंडिंग उलटं, चुंबकही उलटा, म्हणजे दोनदा उलट होऊन पुन्हा सुलट. तो दुप्पट होतो. इतक्या साध्या बेरीज-वजाबाकीतून इतका मोठा प्रश्न सुटावा, हे मला आजही विलक्षण वाटतं.

पण पैसे खर्च करण्याआधी आवाजाची जात ओळखा. गिटार घेऊन स्वतःभोवती गोल फिरा. एका दिशेला हम कमी, दुसऱ्या दिशेला जास्त होत असेल तर तो चुंबकीय आहे. तिथे हंबकर, किंवा एकावर एक दोन वेटोळी असलेला बिनआवाजाचा सिंगल कॉइल, हाच उपाय. आणि गिटारच्या तारांना हात लावल्यावर करकर थांबत असेल, तर दोष बहुधा शिल्डिंगचा, म्हणजे बाहेरचा गोंगाट अडवणाऱ्या धातूच्या आवरणाचा, असतो. गिटारच्या पोकळीत तांब्याची पट्टी चिकटवून ती अर्थला जोडली की बरंच काम होतं. आपल्या भागात उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, मुरमाड जमिनीत तर फारच. त्यात मीठ-पाणी घातलंय का, हे कार्यक्रमाआधी विचारा. गिटारच्या तारा अॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात आणि माइकला ओठ लागून बसणारा झटका जिवावर बेतू शकतो.

माझं मत विचाराल तर मंडपात वाजवणाऱ्याने ब्रिजजवळ (तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथे) ४ ते ५ हेन्रीचा, अल्निको (अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्टचा मिश्रधातू) चुंबकाचा हंबकर घ्यावा. सिरॅमिक चुंबक वाईट नसतो, जास्त वेढ्यांच्या पिकअपमध्ये तो सर्रास असतो इतकंच. ९ व्होल्टच्या बॅटरीवरच्या अॅक्टिव्ह पिकअपला केबलच्या लांबीचा फरक पडत नाही, मोठ्या स्टेजसाठी तो विचारात घ्यावा. मात्र त्याला साधारण २५ किलोओहमचे पॉट लागतात. मागवण्यापूर्वी ब्रिजपाशी पहिल्या आणि सहाव्या तारेतलं अंतर मोजा. हंबकर साधारण ५० आणि ५३ मिलिमीटर अशा दोन मापांत मिळतात.

बसवल्यावर उंची लावा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून तार आणि पिकअपमध्ये दोन-तीन मिलिमीटर अंतर असू द्या. त्याहून जवळ आणला तर चुंबक तारेलाच ओढतो आणि वरच्या फ्रेटवर सूर डळमळतो. मे महिन्यात बंद गाडीत गिटार ठेवू नका. चुंबकत्व उतरण्याची भीती नाही, अल्निकोला त्यासाठी शेकडो अंश लागतात. पण वेटोळं घट्ट धरणारं पॅराफिनचं मेण साठ अंशांच्या आसपास वितळतं, वेढे सैल होतात आणि मोठ्या आवाजात पिकअप शिट्टी मारू लागतो.

नवा पिकअप जुन्याच्या जोडीला बसवला आणि दोन्ही एकत्र चालू केल्यावर आवाज पातळ, पोकळ झाला, तर पिकअप खराब नाही. दोघांची फेज उलटी आहे, म्हणजे एकाचा संदेश दुसऱ्याचा खोडतो. नव्याच्या वेटोळ्याच्या दोन तारा आपसात बदलून सोल्डर करा. धातूच्या झाकणाची उघडी तार मात्र अर्थलाच राहू द्या.