हवेत तपासायचा, पाण्यात वापरायचा

सांडपाणी शुद्धीकरण केंद्राला हल्ली सगळेच एसटीपी म्हणतात. तिथल्या एरेशन टँकमध्ये, म्हणजे हवा फुंकायच्या टाकीत, हातभर लांबीचा एक सेन्सर पाण्यात सोडलेला असतो. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन किती, हे सांगणं त्याचं काम. कठड्याजवळच्या डब्यात त्याचा ट्रान्समीटर असतो आणि त्याच्या छोट्या पडद्यावर २.१, १.८, २.३ असे आकडे हलत राहतात. या सेन्सरचं कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या मापाशी त्याचा आकडा जुळवून घेणं, करायची वेळ आली की ऑपरेटर तो पाण्यातून बाहेर काढतो, धुतो, पुसतो आणि चक्क हवेत टांगून ठेवतो. पाण्यातला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राची परीक्षा उघड्या हवेत!

२५ अंश सेल्सिअसला एक लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. त्याच तापमानाच्या, त्याच हवेत मनसोक्त घुसळलेल्या एक लिटर गोड्या पाण्यात तो असतो जेमतेम सव्वाआठ मिलिग्रॅम. म्हणजे तीसपटींहून जास्त फरक. तरीही सेन्सर दोन्हीकडे जवळपास सारखाच विद्युतप्रवाह देतो. हा घोटाळा नाही. हा ट्रान्समीटर कसा चालवायचा, कुठे फसवतो आणि कुठे उगाच बदनाम होतो, हे सगळं या एका गोष्टीत आहे. सेन्सरला मिलिग्रॅम कळतच नाहीत. त्याला कळतो तो ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे हवेच्या एकूण दाबात एकट्या ऑक्सिजनचा जेवढा वाटा, तेवढा.

गच्चीवरच्या मोठ्या टाकीला पातळी दाखवणारी बारीक काचनळी जोडलेली असते. टाकीत हजार लिटर पाणी आणि नळीत फुलपात्रभर, पण पातळी दोन्हीकडे एकच. हवा आणि पाणी एकमेकांना टेकून पुरेसा वेळ राहिले की ऑक्सिजनच्या बाबतीत तसंच होतं. साठा वेगवेगळा, दाब एकच. त्या दाबाला पाण्यात नेमका किती ऑक्सिजन मावेल, हे विल्यम हेन्रीने १८०३ मध्ये मांडलेल्या नियमावरून काढता येतं. ट्रान्समीटर हाच हिशेब करतो. पडद्यावरचे मिलिग्रॅम मोजलेले नसतात, काढलेले असतात. आणि हिशेबातल्या काही संख्या ऑपरेटरने स्वतः भरलेल्या असतात.

मुळात हा ऑक्सिजन मोजायचा कशाला? सांडपाण्यातली घाण खाण्याचं काम जिवाणू करतात आणि त्यांना श्वास घ्यायला ऑक्सिजन लागतो. हवा फुंकून जिवाणूंचा गाळ पोसायचा आणि तोच गाळ पुन्हा पुन्हा वापरायचा, ही पद्धत आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी १९१४ मध्ये मँचेस्टरच्या सांडपाण्यावर दाखवून दिली. जगातली बहुतेक मोठी केंद्रं आजही तिच्यावरच चालतात, आणि पुण्या-मुंबईच्या गृहसंकुलांच्या तळघरातले छोटे एसटीपीही त्याच घराण्यातले. टाकीत लिटरमागे साधारण २ मिलिग्रॅम ऑक्सिजन राहावा, असं धरून ब्लोअर, म्हणजे हवा फुंकणारे पंखे, चालवतात. फार कमी झाला तर पाणी कुजकट वास मारू लागतं आणि अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू काम टाकतात. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे त्यांना सुमारे साडेचार ग्रॅम ऑक्सिजन लागतो. फार जास्त झाला तर जिवाणूंचं काही बिघडत नाही, फक्त वीज वाया जाते. ती थोडीथोडकी नसते, कारण अशा केंद्राच्या एकूण विजेपैकी निम्म्याच्या आसपास एकटे ब्लोअरच खातात. म्हणून या आकड्याची किंमत.

सेन्सरचं मूळ मात्र सांडपाण्यात नाही, रक्तात आहे. अमेरिकेत ओहायोतल्या अँटिऑक कॉलेजात लेलँड क्लार्क रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या यंत्रावर काम करत होते. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या रक्तात ऑक्सिजनचा दाब किती, हे मोजता येत नाही म्हणून त्यांचा शोधनिबंध परत आला. प्लॅटिनमच्या तारेवर ऑक्सिजन मोजता येतो हे तेव्हा माहीत होतं, पण रक्तात बुडवली की तार लगेच माखून निकामी व्हायची. क्लार्क यांनी प्लॅटिनम आणि चांदी हे दोन्ही इलेक्ट्रोड थोड्याशा क्षारद्रावणासह एका पातळ प्लास्टिकच्या पापुद्र्यामागे बंद केले. पापुद्र्यातून वायू आत येतो. रक्त, गाळ, मीठ बाहेरच राहतं. १९५६ मध्ये ही रचना प्रसिद्ध झाली आणि आज सांडपाण्यापासून औषधांच्या फर्मेंटरपर्यंत, म्हणजे जिवाणू वाढवायच्या बंद टाक्यांपर्यंत, वापरली जाणारी क्लार्क सेल तीच आहे. इन्स्ट्रुमेंटवाले त्या पापुद्र्याला मेम्ब्रेन म्हणतात.

प्लॅटिनम आणि चांदी यांच्यात सुमारे ०.७ व्होल्टचा विद्युतदाब दिलेला असतो. मेम्ब्रेनमधून आलेला ऑक्सिजनचा रेणू प्लॅटिनमवर चार इलेक्ट्रॉन घेतो आणि पाण्याशी मिळून हायड्रॉक्साइड होतो. पलीकडे चांदी ते चार इलेक्ट्रॉन पुरवते आणि स्वतः सिल्व्हर क्लोराइड होत जाते. हा प्रवाह नॅनोअँपिअरमध्ये असतो, म्हणजे अँपिअरच्या अब्जांशात. एवढासा प्रवाह शंभर मीटर केबलमधून कंट्रोल रूमला पाठवायचा म्हणजे वाटेतला ओलावा आणि शेजारच्या मोटरची केबलच तो गिळून टाकणार. म्हणून ट्रान्समीटर. तो हा प्रवाह वाचतो, तापमान, दाब आणि खारेपणा लक्षात घेऊन हिशेब करतो आणि उत्तर ४ ते २० मिलिअँपिअरच्या भाषेत पुढे पाठवतो.

शून्याला ४ का, ० का नाही? तार तुटली तर प्रवाह ० होतो. शून्य ऑक्सिजनलाही ० ठेवला असता तर मेलेला गाळ आणि उंदराने कुरतडलेली केबल यांत फरकच कळला नसता. बरेच ट्रान्समीटर स्वतःचा बिघाड कळवायला मुद्दाम ३.६ मिलिअँपिअर किंवा थेट २१च्या वरचा आकडा पाठवतात. पण एका चुकीला हे शहाणपण पुरत नाही. ट्रान्समीटरवर २० मिलिअँपिअर म्हणजे २० मिलिग्रॅम असं ठरवलं असेल आणि पीएलसीत, म्हणजे ब्लोअर चालवणाऱ्या कंट्रोल रूमच्या संगणकात, १० मिलिग्रॅम, तर टाकीत ४ मिलिग्रॅम असताना ७.२ मिलिअँपिअर निघतात आणि कंट्रोल रूमच्या पडद्यावर सुंदर, स्थिर २ दिसतो. कुठेही अलार्म नाही, वास नाही, तक्रार नाही. ब्लोअर महिनोन्‌महिने दुप्पट ऑक्सिजन राखत बसतो. डब्यावरचा आकडा आणि कंट्रोल रूममधला आकडा फोनवर एकमेकांना वाचून दाखवणं हा मिनिटाभराचा उपाय आहे, आणि नवीन केंद्र ताब्यात घेताना तोच बऱ्याचदा राहून जातो.

आता कॅलिब्रेशन. कोरड्या हवेत २०.९५ टक्के ऑक्सिजन असतो. मुंबईत, सांगलीत, मँचेस्टरात, सगळीकडे. इतकं विश्वासू, फुकट आणि कधीही न संपणारं प्रमाण दुसऱ्या कुठल्या मोजमापाला लाभलेलं नाही. पण सेन्सरला टक्केवारी कळत नाही, दाब कळतो, आणि हवेचा दाब जागेप्रमाणे बदलतो. समुद्रसपाटीला तो १०१३ हेक्टोपास्कलच्या आसपास. साडेपाचशे मीटरवरच्या पुण्यात साधारण ९५०. महाबळेश्वरला ८६०च्या जवळ. आता ऑपरेटर दाब भरायला मोबाइलवरचं हवामान उघडतो आणि पुण्यासाठी तिथे १०१० दिसतो. हा आकडा खोटा नाही. हवामानशास्त्रात वेगवेगळ्या गावांची तुलना करता यावी म्हणून दाब समुद्रसपाटीला आणून सांगण्याची रीत आहे. पण सेन्सर समुद्रसपाटीला नाही, हडपसरला लटकलेला आहे. १०१० भरून कॅलिब्रेशन केलं की ट्रान्समीटरची समजूत होते, समोर जास्त ऑक्सिजन असूनही सेन्सरने एवढाच प्रवाह दिला, म्हणजे सेन्सर मंद आहे. मग तो पुढचं प्रत्येक वाचन सहा-सात टक्के फुगवून दाखवतो. खरं सांगायचं तर एसटीपीत २ ऐवजी २.१३ दिसल्याने आभाळ कोसळत नाही. औषधांच्या फर्मेंटरमध्ये किंवा प्रयोगशाळेत मात्र एवढा फरक नडतो.

हवेतली वाफही जागा अडवते. ३० अंशांना हवा पूर्ण दमट असेल तर कोरड्या हवेपेक्षा तिच्यात ऑक्सिजनचा दाब चारेक टक्के कमी असतो, म्हणून काही ट्रान्समीटर आर्द्रताही विचारतात. आणखी महत्त्वाचं तापमान. ते हिशेबात दोनदा येतं. एक म्हणजे मेम्ब्रेन गरम झाली की ऑक्सिजन तिच्यातून भराभर आत येतो, अंशामागे सुमारे तीन टक्के जास्त. दुसरं म्हणजे पाणी गरम झालं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. समुद्रसपाटीला २० अंशांना ९.१ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. सेन्सरमधला तापमान मोजणारा थर्मिस्टर दोन्ही दुरुस्त्या पुरवतो, पण तो आणि मेम्ब्रेन एकाच तापमानाला असतील तरच. थंड पाण्यातून काढलेला सेन्सर मे महिन्याच्या उन्हात धरून लगेच बटण दाबलं तर आतलं धातूचं अंग अजून गार आणि मेम्ब्रेन तापलेली. सावलीत, पाण्याच्या पृष्ठभागाच्या थोडं वर, आकडा हलायचा थांबेपर्यंत वाट बघायची. मेम्ब्रेनवर पाण्याचा थेंब राहू द्यायचा नाही. यात कौशल्य कमी, धीर जास्त लागतो.

खारेपणा मात्र हवेतल्या परीक्षेत कधीच पकडला जात नाही. समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना ऑक्सिजन पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, गोड्या पाण्यापेक्षा जवळजवळ पाचव्या हिश्श्याने कमी. पण दोन्ही पाणी हवेत घुसळलेलं असेल तर दाब तोच, म्हणून सेन्सरचा प्रवाहही तोच. कोकणातल्या कोळंबीच्या तळ्यांवर हाच मीटर वापरतात. रात्रभर शेवाळही ऑक्सिजन ओढत राहतं, त्यामुळे तिथे पहाटेचा आकडा सगळ्यांत नीचांकी असतो. त्या वेळी मीटरमध्ये खारेपणा शून्यावर राहिलेला असेल तर कोळंबी गुदमरायला लागलेली असते आणि मीटर म्हणत असतो, अजून थोडी सवड आहे. या बाबतीत ट्रान्समीटर पूर्णपणे माणसाच्या भरवशावर असतो.

रोजच्या कामात त्रास देतात त्या गोष्टी याहून साध्या. मेम्ब्रेनवर चिकट थर साचतो आणि त्यातले जिवाणू आत जाणारा ऑक्सिजन वाटेतच खाऊन टाकतात. आकडा घसरतो, ब्लोअर जोर करतो, बिल वाढतं. उलट हवेचा बुडबुडा मेम्ब्रेनला चिकटला तर आकडा उडी मारतो, म्हणून सेन्सर सरळ उभा न सोडता तिरका बसवतात. सांडपाण्यातले केस आणि चिंध्या गुंडाळल्या जातात ते वेगळंच. क्लार्क सेल स्वतःही थोडा ऑक्सिजन खाते, त्यामुळे तिच्यासमोर पाणी वाहतं असावं लागतं. साचलेल्या कोपऱ्यात ती कमीच दाखवणार. कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड मेम्ब्रेनमधून सहज आत शिरतो आणि चांदी काळी करून टाकतो. आतलं द्रावण बदललं किंवा वीज बराच वेळ गेली की सेन्सरला पुन्हा स्थिर व्हायला वेळ द्यावा लागतो. काही सेन्सरना सहा तासांपर्यंत. तोवर दिसणारा आकडा खरा धरायचा नाही.

साफसफाईसाठी सेन्सर बाहेर काढला की तो इमानदारीने हवेतला आकडा पाठवतो, पीएलसीला वाटतं टाकी ऑक्सिजनने तुडुंब आहे आणि ती ब्लोअर मंदावते. म्हणून आधी ‘होल्ड’ दाबायचा, म्हणजे शेवटचं वाचन गोठून राहतं. काम झाल्यावर होल्ड काढायला विसरलं की ट्रेंडवर, म्हणजे वाचनांच्या आलेखावर, मैलभर सरळ रेषा उमटते. जिवंत टाकीचा आकडा कधीच इतका सरळ नसतो. ऑपरेटरला वाकडी रेषा दिसली की हायसं वाटावं.

अलीकडे प्रकाशावर चालणारे सेन्सर आले आहेत. सेन्सरच्या टोकाला असलेल्या टोपीवरच्या रंगद्रव्यावर निळा प्रकाश टाकायचा, ते तांबूस चमकतं. आसपास ऑक्सिजन जास्त असेल तर ती चमक लवकर विझते. ऑक्सिजन अशी चमक विझवतो हे रसायनशास्त्रज्ञ हान्स काउट्स्की यांनी १९३०च्या दशकात दाखवलं होतं. यात द्रावण नाही, चांदी नाही, सल्फाइडची भीती नाही, ऑक्सिजन खाणं नाही. टोपी मात्र उन्हाने आणि वयाने फिकी होते आणि बदलावी लागते. माझं मत विचाराल तर नव्या एसटीपीत हाच घ्यावा. पण विझण्याचा वेगही ऑक्सिजनच्या दाबावरच ठरतो, त्यामुळे हवेचा दाब आणि खारेपणा भरण्याची कटकट या नव्या पाहुण्यालाही चुकलेली नाही.

दाबाच्या नादी न लागता पाण्यातला ऑक्सिजन थेट मोजणारी पद्धत आहे, आणि ती या सगळ्यांपेक्षा जुनी आहे. हंगेरीच्या लायोश विंकलर यांनी ती १८८८ मध्ये दिली. बाटलीतल्या पाण्यात मँगनीजचा क्षार आणि अल्कली घालून ऑक्सिजन बांधून टाकायचा, मग आम्लात आयोडीन मोकळं करून ते मोजायचं. दोन मीटर भांडू लागले की शेवटी हीच बाटली निवाडा करते. एरेशन टँकचा नमुना मात्र तिलाही जड जातो, कारण बाटलीत आलेले जिवाणू खाणं थांबवत नाहीत आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत मोजायचा ऑक्सिजनच संपत आलेला असतो. म्हणून अशा नमुन्यात मोरचूद आणि सल्फॅमिक आम्ल टाकीवरच घालतात. जिवाणू जागच्या जागी थंडावतात, गाळ तळाशी बसतो आणि वरचं निवळ पाणी तपासायला घेतात.