दहा टक्क्यांचा आकडा आला कुठून?

सोलापुरात शोधनिबंध पाठवायचा म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “किती टक्के चालतं?” उत्तरही ठरलेले, “दहाच्या आत आण.” म्हणजे आधीच्या लेखनाशी जुळणारा मजकूर दहा टक्क्यांच्या आत. हा आकडा हवेतला नाही, पण तो शोधपत्रिकांनी ठरवलेलाही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली उच्च शिक्षण संस्थांसाठी जे विनियम काढले, त्यातला तो आहे. पत्रिकांची रीत त्याहून जुनी, आणि तिच्यात टक्का हा कधीच निकाल नव्हता.

पूर्वी वाङ्मयचौर्य पकडले जायचे ते छापण्याआधी निबंध तपासणाऱ्या परीक्षकाच्या स्मरणशक्तीवर. पकडले जायचे त्याहून निसटायचे जास्त असावे. १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’चे संपादक फ्रान्झ इंगलफिंगर यांनी दंडक घातला की दुसरीकडे आधी छापून आलेले संशोधन इथे छापणार नाही. पण तो रोख दुबार प्रकाशनावर होता. दुसऱ्याचे लेखन कुणी स्वतःच्या नावावर खपवले, तर संपादकाने पुढे काय करायचे, हे कुठेच लिहिलेले नव्हते. १९८० मध्ये गाजलेल्या एलियास अलसाब्ती या संशोधकाच्या प्रकरणात ते दिसून आले. एका युरोपीय पत्रिकेने ह्यूस्टनच्या एका परीक्षकाकडे हस्तलिखित धाडले. तो परीक्षक आधीच वारला होता. टपाल तिथे काम केलेल्या अलसाब्तीच्या हाती लागले आणि त्याने तो मजकूर जपानमधल्या एका पत्रिकेत स्वतःच्या नावे छापून आणला. म्हणजे खुद्द तपासणीच्या वाटेवरच चोरी झाली.

लेखी पद्धत आली ती १९९७ नंतर. त्या वर्षी ब्रिटनमधल्या काही वैद्यकीय संपादकांनी ‘कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स’ म्हणजे कोप स्थापन केली. संशय आल्यावर पायरीपायरीने काय करायचे हे सांगणारे तिचे तक्ते आज सर्व विषयांच्या पत्रिका वापरतात. हस्तलिखितात चोरीचा संशय आला की संपादक आधी पुरावा गोळा करतो: कोणता परिच्छेद, मूळ कुठला, किती ओळी, श्रेय दिले आहे का. मग दोन वाटा फुटतात. किरकोळ वाक्ये उचललेली असतील, माहिती किंवा निष्कर्ष चोरलेले नसतील, तर लेखकाला सौम्य पत्र जाते: ही वाक्ये नव्याने लिहा किंवा अवतरणात घालून संदर्भ द्या. निबंधाची तपासणी सुरूच राहते. मोठा मजकूर किंवा आकडेवारीच उचललेली असेल, तर पत्रव्यवहाराची जबाबदारी असलेल्या लेखकाला पुराव्यासह लेखी विचारणा होते. खुलासा पटला, लेखक अगदी नवखा असला, तर समज देऊन निबंध नाकारतात किंवा सुधारून मागतात. पटला नाही, तर संस्थेच्या प्रमुखाला कळवण्याचा विचार होतो. उत्तरच आले नाही, तर सहलेखकांना गाठतात आणि तेही गप्प राहिले तर संस्थेला लिहितात.

या सहलेखकांच्या टप्प्यावर आपल्याकडे पुष्कळ जणांची धांदल उडते. गाईडचे नाव रीतीप्रमाणे घातलेले असते, त्यांनी निबंध वाचलेला नसतो, आणि पत्रिकेचे पत्र थेट त्यांच्या मेलवर येऊन पडते. नाव आहे म्हणजे जबाबदारी आहे, हेच कोप धरून चालते.

यंत्र आले २००८ मध्ये. क्रॉसरेफ या प्रकाशकांच्या संघटनेने मजकूर जुळवून पाहणाऱ्या ‘आयथेंटिकेट’ सॉफ्टवेअरच्या आधाराने क्रॉसचेक सुरू केले. २०१६ पासून त्याचे नाव सिमिलॅरिटी चेक. खरी ताकद सॉफ्टवेअरइतकीच साठ्यात होती. प्रकाशकांनी आपले संपूर्ण मजकूर तपासणीसाठी खुले केले, त्यामुळे साध्या गुगल-शोधात न सापडणारे, वर्गणीआडचे लेखही जुळू लागले.

मात्र हे यंत्र चोरी मोजत नाही, जुळणारे शब्द मोजते. डाळिंबाचे उदाहरण घेऊ. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापूरच्या केगावलाच आहे, म्हणजे विषय घरचा. तेल्या रोगावरच्या निबंधात रोगट पानांतून जिवाणू वेगळे काढण्याची कृती, रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन या प्रयोग-मांडणीचे वर्णन, जिवाणूचे लांबलचक शास्त्रीय नाव हे सगळे आधीच्या निबंधांशी जुळणारच. अशा पद्धती-विभागातून अनेक ठिकाणचे अर्धा-अर्धा टक्का जमून एकूण २२ टक्के झाले, तरी जाणता संपादक ते सोडून देतो. उलट एकूण ८ टक्केच असले, पण त्यातले ६ एकाच निबंधाच्या चर्चा-विभागातले असतील, तर तो तिथेच थांबतो. म्हणून यंत्राच्या अहवालात एकूण आकड्याआधी एकेका स्रोताचा आकडा पाहायचा, आणि मग रंगवलेला मजकूर कोणत्या विभागात आहे तो.

सेटिंगनेही आकडा हलतो. संदर्भसूची, अवतरणे आणि छोट्या जुळण्या वगळल्या की एकाच फाइलचा टक्का बराच खाली येतो. आणखी एक फजिती नेहमीची आहे. ओळखीच्या कुणाच्या खात्यावरून निबंध आधी तपासून घेतला आणि तो तिथल्या साठ्यात जमा झाला, तर पुढच्या तपासणीत स्वतःचाच निबंध जवळपास पूर्ण जुळलेला दिसू शकतो. तपासायला देताना साठ्यात न ठेवण्याचा पर्याय निवडावा.

आता दहा टक्क्यांकडे. २००९ च्या पीएच.डी. विनियमांनी प्रबंध देण्याआधी एक शोधनिबंध सक्तीचा केला आणि २०१० मध्ये प्राध्यापकांच्या बढतीला एपीआय, म्हणजे शैक्षणिक कामगिरीचे गुण जोडले. निबंधांची गरज अशी वाढली, आणि पैसे घेऊन छापणाऱ्या पत्रिकांना गिऱ्हाईक मिळाले. मग २०१८ चे विनियम आले. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० पहिला स्तर, ४० ते ६० दुसरा, ६० च्या वर तिसरा. प्रकाशनाच्या बाबतीत पहिल्या स्तरावर हस्तलिखित मागे घ्यायला लावतात, दुसऱ्यावर एक वेतनवाढ आणि दोन वर्षे नवे विद्यार्थी घेण्याचा अधिकार जातो, तिसऱ्यावर दोन वेतनवाढी आणि तीन वर्षे. श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, प्रमाण समीकरणे मोजणीतून वगळली आहेत. २०१९ मध्ये आयोगाच्याच इन्फ्लिबनेट या ग्रंथालय-जाळ्याच्या केंद्राच्या ‘शोधशुद्धी’ योजनेतून विद्यापीठांना तपासणीचे सॉफ्टवेअर मिळू लागले, आणि टक्का घरोघरी पोहोचला.

हा नियम संस्थेने आपल्या माणसांवर कारवाई करण्यासाठी आहे. पत्रिकेला तो बांधत नाही. तरी तो कट-ऑफसारखा वापरला जातो आणि त्याचे फळही दिसते: आकडा उतरवण्यासाठी शब्द बदलणारी यंत्रे. २०२१ मध्ये संगणकशास्त्रज्ञ गिओम काबानाक आणि सहकाऱ्यांनी असा विद्रूप इंग्रजी मजकूर मोठ्या प्रमाणात छापला गेल्याचे दाखवले. त्यात ब्रेस्ट कॅन्सरचे ‘बुझम पेरिल’, म्हणजे शब्दशः ‘छातीचे संकट’, झाले होते. टक्का स्वच्छ, निबंध चोरीचाच.

मराठी निबंधांची गोष्ट याहून अवघड आहे. सोलापूरचे विद्यापीठ २००४ चे. त्याआधीची इथली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे होती. त्या काळचे, आणि नंतरचेही, बरेच मराठी लेखन युनिकोडपूर्व, म्हणजे सर्व संगणकांना समान कळणारी अक्षर-पद्धत येण्याआधीच्या, फाँटांत टाइप झालेले आहे. अशा पीडीएफमध्ये डोळ्यांना देवनागरी दिसते, पण संगणकाला आत रोमन अक्षरांचा गोंधळ मिळतो. तो कशाशीच धड जुळत नाही, म्हणून अहवाल निर्मळ येतो. तपासायचे तर पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवावा. कचरा उमटला तर त्या अहवालाला अर्थ नाही. लेखकाकडून युनिकोड फाइल मागावी.

भाषांतराची चोरी त्याहून सुटणारी. इथे मराठीच्या शेजारी कन्नड, तेलुगू, उर्दू, हिंदी नांदतात, आणि एका भाषेतला लेख दुसरीत आणला की शब्द जुळवणारी साधी तपासणी तो सोडून देते. इथे पुन्हा वाचणाराच लागतो. संदर्भांचा क्रम मूळ लेखासारखाच असणे, मूळ संदर्भातली वर्षाची किंवा पृष्ठाची चूक तशीच उतरणे, तक्त्यातले आकडे दशांशासह तेच असणे, पंढरपूर-मंगळवेढ्यावरच्या निबंधात तिथे लागूच न पडणारी परिस्थिती गृहीत धरलेली असणे, या खुणा पाहाव्यात. संशय बळावला तर लेखकाकडे कच्च्या नोंदी मागाव्यात: प्रश्नावल्या, क्षेत्रभेटीच्या तारखा, मूळ मोजमापांची वही. ज्याने काम केलेले असते, त्याला त्या शोधायला फार वेळ लागत नाही.