गोचीड-पिसवांवरील घरगुती उपाय (ग्रामीण विदर्भ)

कुत्री, मांजरी, कोंबड्या, शेळ्या आणि कोठ्यातली गुरे यांच्या अंगावर पोसणाऱ्या गोचीड, पिसवा व उवांचा, तसेच पोटातल्या जंतांचा दुकानी औषधाशिवाय केला जाणारा बंदोबस्त. विदर्भाच्या खेड्यांत त्यासाठी कडुनिंब, करंज, सीताफळ, वेखंड, पळस अशी हाताशी असलेली झाडे वापरतात. सारवण, चुना, ऊन, राख आणि कोंबडी यांना सहसा कोणी औषध म्हणत नाही; पण गोचीड कमी होते ती मुख्यतः यांच्यामुळे.

कीड राहते कुठे

कुत्र्याच्या अंगावर दिसते ती गोचीड एकूण वस्तीचा थोडाच भाग असते. रक्त पिऊन एरंडीच्या बीसारखी टम्म झालेली मादी अंगावरून गळते, भिंतीच्या भेगेत, चौकटीमागे किंवा कुडाच्या सांध्यात शिरते, हजारोंनी अंडी घालते आणि मरते. अंड्यातून निघालेले सहा पायांचे पिल्लू कुत्र्यावर चढते, पोट भरले की उतरते, कात टाकून आठ पायांचे होते आणि पुन्हा चढते. पिल्लू, किशोर आणि प्रौढ अशा तीन अवस्थांत मिळून तीनदा चढ-उतार होतो आणि दर वेळी मधला मुक्काम भेगेतच पडतो. उपाशी गोचीडही तिथे महिनोन्‌महिने तग धरते. त्यामुळे नुसते कुत्रे धुऊन काढले तर आठ दिवसांनी परिस्थिती जैसे थे.

पिसवांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांची अंडी केसांवरून घसरून धुळीत पडतात आणि अळ्या तिथेच वाढतात. या अळ्यांना ओल लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की उघड्यावरच्या अळ्या सुकून मरतात. उरतात त्या रांजणाखालच्या ओलीत आणि कुत्र्याच्या बसण्याच्या पोत्याखाली. मृगाच्या सरी पडल्या की त्यांना पुन्हा जोर चढतो आणि श्रावण-भाद्रपदात कहर होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीला, म्हणजे गावाबाहेर नेल्या जाणाऱ्या पुतळ्याला, रोगराईबरोबर किड्या-माश्याही गावाबाहेर ने म्हणून हाळी देतात, ती अगदी वेळेवर असते म्हणायची.

रसायनांचा प्रश्न

डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, अमिट्राझ ही गोचीडनाशके योग्य प्रमाणात वापरली तर काम करतात. मात्र तीच ती वर्षानुवर्षे वापरल्यामुळे दाद न देणाऱ्या गोचिडी भारतात अनेक ठिकाणी आढळल्या आहेत. विदर्भात याहून मोठा धोका घरातच असतो. कपाशीवर मारून उरलेले कीटकनाशक अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्यावर किंवा बैलावर ओतले जाते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अशी औषधे अंग चाटणाऱ्या जनावरावर टाकणे म्हणजे त्याला विष पाजणेच होय. त्याच कुळातले पर्मेथ्रिन तर कुत्र्याला सोसते, पण मांजराच्या जिवावर बेतते.

जागेचे उपाय

मातीच्या भिंतीच्या भेगा माती-शेणाने लिंपून बुजवणे हा सगळ्यात परिणामकारक उपाय. त्याने अंडी आतच गाडली जातात आणि नव्या मादीला शिरायला जागा राहत नाही. लिंपताना जमिनीपासून पुरुषभर उंचीपर्यंत आणि आढ्याच्या खालच्या सांध्यातही हात फिरवावा लागतो, कारण ही गोचीड वर चढणारी आहे. वरून चुन्याचा हात दिला की भेग पुन्हा उघडलेली पटकन दिसते. कुत्र्याचे पोते दर आठवड्याला झटकून कडक उन्हात टाकावे आणि त्याखालची जागा झाडून केर जाळावा. केर उकिरड्यावर टाकला तर पिसवा तिथून परत येतात.

गावठी कोंबड्या कोठ्यात मोकळ्या फिरल्या तर बसलेल्या गुरांच्या कासेजवळच्या आणि जमिनीवर पडलेल्या गोचिडी टिपतात. गायबगळे आणि साळुंक्याही हेच करतात. कोंबड्यांच्या स्वतःच्या उवांसाठी चुलीची चाळलेली राख कोरड्या खड्ड्यात टाकून ठेवतात. कोंबडी त्यात लोळून आपले आपण उरकते. संध्याकाळी निंबाच्या पाल्याची धुरी देतात, तिने डास आणि माश्या हटतात. गोचीड मात्र धुराने हलत नाही.

हाताने वेचणे

कंटाळवाणे, पण खात्रीचे काम. कानाच्या आतल्या घडीत, बोटांच्या बेचक्यात, जांघेत आणि शेपटीखाली आधी पाहावे. चिमट्याने गोचीड कातडीला भिडूनच धरावी, सरळ ओढावी आणि साबणाच्या पाण्यात टाकावी. नखाने चिरडू नये, कारण तिच्या रक्तातले जंतू जखमेतून माणसाला लागू शकतात. विडीचा चटका द्यायचीही पद्धत आहे. त्याने गोचीड मरण्याआधी कुत्रे भाजते. पिसवांसाठी उवांची बारीक फणी चांगली.

झाडपाला

कडुनिंबाचा मान पहिला. जून-जुलैत पडलेल्या निंबोळ्या वेचून, गर काढून सावलीत वाळवतात. ५ किलो निंबोळी पूड रात्रभर भिजवून, गाळून १०० लिटर पाणी केले की पाच टक्के अर्क होतो. कपाशीसाठी हा अर्क विदर्भातल्या शेतकऱ्याच्या परिचयाचा आहे. त्यातले ॲझॅडिरॅक्टिन कीड तडकाफडकी मारत नाही. ते तिचे खाणे आणि कात टाकणे बिघडवते. शिवाय ते उन्हात लवकर विघटते. म्हणूनच अंगावर एकदा लावून निकाल पाहणाऱ्याचा हिरमोड होतो, तर भेगेच्या अंधारात तोच अर्क अधिक टिकतो. निंबाचे किंवा करंजाचे तेल निव्वळ चोपडू नये, कातडीची आग होते; खोबरेल किंवा जवसाच्या तेलात थोडेसेच मिसळावे. मांजरासाठी तेही टाळावे.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने गुरांसाठी प्रसारित केलेल्या पारंपरिक नुस्ख्यात निंबाचा पाला व फळे, वेखंड, हळद, लसूण, तुळस आणि घाणेरीचा पाला वाटून, पाण्यात कालवून, गाळून अंगावर लावतात. दिवसाच्या उन्हाच्या वेळी लावावे आणि आठवड्याने पुन्हा लावावे असे त्यात म्हटले आहे. तेच पाणी कोठ्याच्या भेगांतही मारायला सांगितले आहे, ते मात्र लोक विसरतात. हा नुस्खा कुत्र्या-मांजरांसाठी नाही. लसूण त्यांच्या तांबड्या पेशी फोडते, आणि गोचिडीने आधीच रक्त शोषलेल्या कुत्र्याला ते परवडत नाही.

सीताफळाच्या बियांची पूड उवांवर खरोखर लागू पडते, पण डोळ्यात कणभर गेली तरी बुबुळाला इजा करते. कापूर पोटात गेल्यास कुत्र्याला झटके येतात. तंबाखूचे पाणी घरोघरी सुचवले जाते. खर्ऱ्याच्या मुलखात तंबाखूची वाण कधी पडत नाही. परंतु निकोटीन कातडीतून आणि चाटण्यातून थेट शरीरात शिरते, लहान पिल्लू त्याने मरू शकते. रॉकेल आणि जळके ऑईल घरगुती असले तरी नैसर्गिक नव्हेत, आणि दोन्ही घातक आहेत.

पोटातले जंत

पळसाच्या शेंगेतली चपटी बी, म्हणजे पळसपापडी, आणि वावडिंग ही जंतांवरची जुनी औषधे आहेत. शेळ्यांना ती देण्याचा प्रघात आहे. मात्रा चुकली तर अपाय होतो. पिसू गिळल्याने कुत्र्याला पट्टकृमी होतो, तेव्हा पिसवा हटवणे हाही जंतांवरचाच इलाज. कुत्रीच्या पिल्लांना गोलकृमी आईच्या पोटातूनच येतात. त्यांना दोन आठवड्यांच्या वयापासून दवाखान्यातले जंतनाशक द्यावे, इथे झाडपाल्याचा भरवसा धरू नये.

उपायांची मर्यादा

गोचीड रक्त पिताना बेबेसिया, एर्लिकिया यांसारखे जंतू सोडते. हिरड्या पांढऱ्या पडणे, लघवी लाल किंवा काळपट होणे, ताप चढणे, नाकातून रक्त येणे ही त्यांची लक्षणे. अशा वेळी अंगावरची शेवटची गोचीड काढली तरी आजार थांबत नाही. रक्ताची तपासणी करून औषध सुरू करावे लागते. पशुवैद्यकीय दवाखाना लांब असेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकाची चौकशी करता येते. कुत्र्याने खाणे सोडल्यावर दोन दिवस वाट पाहणे महागात पडते.