पीएचडीचा विषय आधीच पक्का लागतो का? एक खुलासा

मानव्यविद्या किंवा सामाजिक शास्त्रांत पीएचडी करायची म्हटली की हमखास कानावर येतं: प्रबंधाचा विषय आधी पूर्ण ठरलेला हवा, नाहीतर अर्जच करू नका. हे चुकीचं आहे. या समजापायी चांगली, कष्टाळू मुलं थांबून राहतात याचं मला फार वाईट वाटतं.

अर्जासोबत संशोधनाचा आराखडा बहुतेक ठिकाणी द्यावा लागतो, हे खरं. पण त्यातून पाहतात ते हे की तुम्हाला नेमका प्रश्न विचारता येतो का, आधीचं लेखन वाचलंय का आणि साधनं, म्हणजे अभ्यासाला लागणारी कागदपत्रं, मुलाखती वगैरे, हाती लागण्याजोगी आहेत का. उत्तर त्यात नसतंच. ते माहीत असतं तर संशोधन कशाला?

समाजशास्त्रज्ञ एमिल द्युरकेम यांचंच घ्या. १८८०च्या दशकात त्यांनी सुरुवात केली व्यक्तिवाद आणि समाजवाद यांच्या संबंधापासून. काम करता करता प्रश्न व्यक्ती आणि समाज यांच्या नात्याकडे सरकला. १८९३ साली सादर झालेला प्रबंध होता श्रमविभाजनावर, म्हणजे समाजात कामं कशी वाटली जातात यावर!

साधनं हातात आली की असं होतंच. समजा, व्यापाऱ्यांचे हिशेब पाहायला जुन्या वह्या उघडल्या आणि पानोपानी विधवांनी गहाण ठेवलेल्या दागिन्यांच्या नोंदी दिसल्या. प्रश्न तिथेच वळतो. बदल मोठा असेल तर मार्गदर्शकांशी बोलून रीतसर मंजुरी घ्यायची.

भाषेची तयारी मात्र लवकर सुरू करा. ज्या भाषेत कागदपत्रं वाचायची, मुलाखती घ्यायच्या, ती शिकण्यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात.